तेल सावरण्याचा मुहूर्त

तेलाचे भाव कोसळले की ते केव्हा सावरतील याची भाकिते सुरू होतात. परंतु बाजार पंचांग पाहून सावरत नाही. जून २०१४ मध्ये पिंपामागे सुमारे ११५ डॉलर असलेला भाव जानेवारी २०१६ मध्ये ३० डॉलरांखाली घसरला. अमेरिकेतील शेल तेलापुढे बाजारपेठ राखण्यासाठी ‘ओपेक’ने नोव्हेंबर २०१४ मध्ये उत्पादनकपात नाकारली होती, स्वतःच्याच तिजोऱ्या आटल्यावर नोव्हेंबर २०१६ मध्ये तिने ती पत्करली. सावरण्याचा मुहूर्त उत्पादकांची सहनशक्तीच ठरविते. आयातदार भारताला या स्वस्ताईचा लाभ झाला खरा. पण पेट्रोल-डिझेलवरील अबकारी कर नऊ वेळा वाढवून सरकारने त्यातील मोठा वाटा खजिन्यात वळविला. म्हणून घसरण किती टिकेल, याइतकाच ती कोणाच्या पदरात पडेल, हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.