फवाऱ्याची उंची

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसएक शेतकरी-शेतमजूर दगावले. पीक डोक्याबरोबर वाढले होते. पंपाचे तुषार फवारणाऱ्याच्याच नाकातोंडात गेले. कापूस पिकविणाऱ्या जालना जिल्ह्यातील हसनाबादनेही हा धडा विसरू नये. ट्रॅक्टरच्या फवारणी यंत्राची आडवी दांडी पिकावर साधारण ५० सेंटिमीटर राहिली, तर औषध पानावर बसते. ती उंचावली की वाऱ्याबरोबर शेजारच्या रानात आणि मजुराच्या श्वासात जाते. ध्वनिलहरींनी अंतर मोजून ही उंची आपोआप राखणारी यंत्रणा जुन्या यंत्रालाही जोडता येते. मग अनुदानाचा विचार नव्या यंत्राच्या खरेदीपाशीच का थांबावा? जुने यंत्र सुधारणाऱ्यासही त्याचा वाटा मिळावयास हवा. औषध वाचेल हा लाभ दुय्यम. माणूस वाचेल, हे महत्त्वाचे.