उभी गाडी बंद नसते

डिसेंबर उजाडला की टोरांटो, शिकागो, न्यू जर्सी इथल्या मराठी घरांत भारतात जायची आवराआवर सुरू होते. नोकरदार मंडळी तीन-चार आठवड्यांसाठी निघतात. निवृत्त जोडपी थेट मार्च लागेपर्यंत पुण्या-नाशकात मुक्काम ठोकतात. थंडीही चुकते आणि घरातली लग्नकार्येही साधतात. निघताना नळाचे पाणी बंद होते, हीटर कमी तापमानावर लावला जातो, टपाल अडवून ठेवले जाते. गाडीची व्यवस्था मात्र एका वाक्यात आटोपते. किल्ली शेजारच्या मित्राच्या हातात द्यायची आणि म्हणायचे, ‘अधूनमधून जरा चालू करून ठेव.’ साध्या पेट्रोल गाडीच्या काळात या सल्ल्याने फारसे बिघडत नसे. हायब्रिड गाडीला तो लावणे महागात पडू शकते आणि एका परिस्थितीत जिवावरही बेतू शकते.

हायब्रिड गाडीत दोन बॅटऱ्या असतात. मोठी बॅटरी चाके फिरवायला मदत करते. टोयोटाच्या प्रियस गाडीच्या दुसऱ्या पिढीत ती २०१.६ व्होल्टची होती. दुसरी साधी, शिशाची, बारा व्होल्टची. मालकाची सगळी काळजी मोठीवर खर्च होते, कारण ती बदलायची म्हणजे मोठा खर्च. पण हिवाळ्यात उभ्या गाडीत आधी दगा देते ती छोटी.

टोयोटाच्या रचनेत वेगळा स्टार्टर नसतो. इंजिन फिरवायचे काम मोठ्या बॅटरीवर चालणारी मोटार करते. मात्र त्या बॅटरीचा प्रवाह बाहेर सोडणारे रिले बंदच असतात. गाडीतले संगणक जागे झाले की तेच ते जोडतात, आणि संगणकांना जाग आणते बारा व्होल्टची बॅटरी. ती उतरली तर मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही उपयोग शून्य. आपल्याकडच्या जुन्या माणसांचा हमखास उपाय, चार जणांनी मागून धक्का मारायचा, तोही इथे चालत नाही.

गाडी कुलूप लावून उभी असली तरी ही छोटी बॅटरी कामावरच असते. चोरीचा अलार्म, किल्लीची चाहूल घेणारा रिसीव्हर, संगणकांची स्मृती, सगळे तिच्यावर पोसले जातात. हा खर्च ३० मिलिअँपिअर धरला, तर दिवसाला ०.७२ अँपिअर-तास होतो. ४५ अँपिअर-तासांची नवी, पूर्ण भरलेली बॅटरी या हिशेबाने साधारण दोन महिन्यांत रिकामी. चार-पाच वर्षे वापरलेली, निम्मी ताकद उरलेली बॅटरी महिन्याभरातच हात टेकते. प्रत्यक्षात तेवढेही लागत नाही, कारण बॅटरी पुरती रिकामी होण्याच्या बरेच आधी संगणक उठायला नकार देतात.

थंडीला इथे नको इतका दोष दिला जातो. बॅटरी आपोआप उतरण्याची क्रिया थंडीत उलट मंदावते; मोठ्या निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीला तर उन्हाळ्याची काहिलीच जास्त बाधते. थंडी घातक ठरते ती उतरलेल्या बॅटरीला. शिशाच्या पूर्ण भरलेल्या बॅटरीतला द्राव उणे ५० अंशांनाही गोठत नाही. पूर्ण उतरलेल्या बॅटरीत आम्ल संपून जवळजवळ पाणीच उरलेले असते, ते उणे १० अंशांच्या आसपास गोठू लागते. विनिपेग किंवा मिनिआपोलिसच्या जानेवारीत ही काही विशेष थंडी नव्हे. बर्फ फुगतो, आतल्या पट्ट्या वाकतात, कधी कवचच तडकते. न गोठता नुसती उतरून पडून राहिली तरी शिशावर सल्फेटचा थर बसतो आणि नंतर कितीही चार्ज केली तरी पहिली ताकद परतत नाही.

अशी गाडी मार्चमध्ये कशी भेटते? २००४ ते २००९ मधली प्रियस घ्या. बटण दाबून दार उघडत नाही. रिमोटमध्ये लपवलेली धातूची किल्ली काढून चालकाचे दार उघडावे लागते. बारा व्होल्टची बॅटरी मागे डिकीत. पण डिकीचे कुलूप विजेवर चालते आणि वीज तर त्याच बॅटरीत नाही. मग मागची सीट पाडून आत सरपटत जायचे आणि डिकीचा आतला खटका शोधायचा, किंवा बॉनेट उघडून फ्यूजच्या पेटीतल्या लाल झाकणाखालच्या टोकाला दुसऱ्या बॅटरीची वायर लावायची. या घाईत अधिक-उणेची अदलाबदल झाली की हायब्रिड यंत्रणेतले महागडे भाग जळू शकतात. गॅरेजमधून ओढून बाहेर काढायची म्हटले तर तेही अवघड, कारण पार्किंगचा खटका विजेवर सुटतो.

आता ‘चालू करून ठेव’ या सल्ल्याकडे. छोटी बॅटरी भरली जाते ती फक्त गाडी ‘रेडी’, म्हणजे चालवायला तयार, अवस्थेत असताना. नवखा माणूस ब्रेक न दाबता बटण दाबतो, डॅशबोर्डवर दिवे लागतात, रेडिओ वाजतो. त्याला वाटते गाडी चालू झाली. प्रत्यक्षात तो बॅटरी आणखी उतरवत असतो. खरोखर ‘रेडी’ झाली तरी इंजिन दोन मिनिटे चालते, थांबते, पुन्हा चालते. इंजिन पुरते तापत नाही, आत जमलेली वाफ आणि कच्चे पेट्रोल तेलात उतरते. दहा मिनिटांत बॅटरीला मिळते थोडे आणि इंजिनची झीज होते जास्त. गियर चुकून ‘एन’मध्ये राहिला तर मोठी बॅटरी भरतच नाही, उतरत राहते. आणि ती एकदा पार उतरली की साध्या चार्जरने किंवा शेजाऱ्याच्या गाडीवरून जंप देऊन काम होत नाही. गाडी उचलून अधिकृत कार्यशाळेतच न्यावी लागते.

२०२० च्या टाळेबंदीत टोयोटाच्या ब्रिटिश शाखेने हायब्रिड मालकांना सुचवले होते की आठवड्यातून एकदा गाडी तासभर ‘रेडी’ ठेवा. बॅटरीच्या दृष्टीने सल्ला योग्यच. पण तो तासभर गाडी कुठे उभी असणार? उत्तर अमेरिकेतली असंख्य गॅरेजे घराला चिकटून असतात, स्वयंपाकघरात किंवा बोळात उघडणारे दार मधे असते, आणि बाहेर बर्फ असल्याने शटर उघडायचा कंटाळा येतो. हायब्रिड गाडी ‘रेडी’ असताना आवाज करत नाही. माणूस आत जाऊन चहा टाकतो आणि विसरतो. मोठी बॅटरी खाली आली की इंजिन आपणहून सुरू होते आणि कार्बन मोनॉक्साइड घरात शिरू लागतो. त्याला ना रंग, ना वास. २०१८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बटणाने सुरू होणाऱ्या, किल्ली न लावायच्या गाड्यांचा मागोवा घेतला, तेव्हा २००६ पासून अमेरिकेत अशा विषबाधेने दोन डझनांहून अधिक माणसे दगावल्याचे समोर आले. त्यानंतर २०१९ मध्ये टोयोटाने २०२० च्या मॉडेलांपासून इंजिन ठरावीक वेळाने आपोआप बंद होण्याची सोय जाहीर केली. रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांत ती नाही. शटर उघडे ठेवले म्हणजे भागते हाही गैरसमज आहे. गाडी बाहेर काढलीच पाहिजे, आणि बाहेरही सायलेन्सरचे तोंड बर्फात बुजलेले नाही हे पाहिले पाहिजे.

‘मग मित्राने एक चक्कर मारून आणावी,’ असे म्हणावे तर विमा आडवा येतो. अनेक मालक हिवाळ्यापुरते रस्त्यावरचे संरक्षण काढून केवळ चोरी आणि आगीपुरता विमा ठेवतात. हप्ता बराच कमी होतो. अशा गाडीची गल्लीतली चक्करसुद्धा विमा नसलेल्या गाडीची चक्कर ठरते. घसरड्या रस्त्यावर काही झाले तर भुर्दंड मित्राच्या आणि मालकाच्या माथी.

या सगळ्यातून निष्कर्ष एकच निघतो. हायब्रिड गाडीला दोन गोष्टी मानवतात: नीट वापर किंवा नीट विश्रांती. अधलामधला उपचार तिला सोसत नाही. वापर म्हणजे काय, हे टोयोटाच्या पुस्तिकेत दिलेले आहे: काही महिन्यांतून एकदा तरी किमान ३० मिनिटे किंवा १६ किलोमीटर गाडी चालवा. हे मोठ्या बॅटरीसाठी. छोटीला एवढ्या महिन्यांचा खंड परवडत नाही हे वरच्या हिशेबातून दिसतेच. विश्वासाचा माणूस असेल, विमा पूर्ण असेल आणि तो दोन-तीन आठवड्यांतून एकदा अर्धा-पाऊण तास गाडी खरोखर रस्त्यावर नेणार असेल, तरच किल्ली द्यावी.

नाहीतर विश्रांती. गॅरेजमध्ये वीज असेल तर बारा व्होल्टच्या बॅटरीला मेंटेनर लावावा. बॅटरी भरली की तो प्रवाह आपोआप कमी करतो. बॅटरी शोषक काचतंतूंची, म्हणजे एजीएम असेल तर तिला चालणारा मेंटेनरच घ्यावा. वीज नसेल तर बॅटरी आधी पूर्ण चार्ज करावी, गाडी बंद करून काही मिनिटे थांबावे आणि दहा नंबरच्या पान्याने उणे टोकाची वायर सोडवावी. डिकीचे कुलूप विजेचे असेल तर डिकी लावण्याआधी पुन्हा आत कसे शिरायचे हे ठरवावे. बॅटरी तोडलेली असताना मोठ्या बॅटरीचे रिले जोडलेच जात नाहीत, आणि थंडीत दोन-तीन महिने ती सहज तग धरते. वायर सोडवायची नसेल तर निदान रिमोट गाडीजवळच्या खुंटीवर टांगू नये, कारण त्याची चाहूल घेत रिसीव्हर बॅटरी खर्चत राहतो. नारिंगी रंगाच्या केबलांना मात्र कोणत्याही कारणाने हात लावू नये. त्या उच्च दाबाच्या असतात.

बाकीची तयारी कोणत्याही गाडीसारखीच. रस्त्यावरचे मीठ खालून धुऊन काढावे, कारण हायब्रिडचे ब्रेक आधीच कमी घासले जातात आणि डिस्कवर गंज लवकर धरतो. टाकी भरून इथेनॉलमिश्रित पेट्रोलात स्टॅबिलायझर घालावा. टायरांत हवा पूर्ण असावी. मागच्या सीटजवळ मोठ्या बॅटरीला हवा पुरवणारी जाळी असते. तिथे उंदरांनी घर केले तर वसंतात बॅटरी तापू लागते. चार्जरवर लावायच्या प्लग-इन हायब्रिडची मोठी बॅटरी लिथियमची असते. ती शंभर टक्के भरून महिनोन्‌महिने ठेवू नये, अर्ध्याच्या आसपास बरी.

महाराष्ट्रात असा हिवाळा नाही म्हणून इथल्या मालकाने निश्चिंत राहू नये. परदेशी राहणाऱ्या मुलाने पुण्याच्या सोसायटीत ठेवलेली हायब्रिड वर्षातले आठ-दहा महिने उभी असते. छोट्या बॅटरीवरचा खर्च तोच, वर एप्रिल-मेची उष्णता मोठीला उतरवते, आणि उंदीर काही थंडीची वाट पाहत नाहीत.

गाडी विकताना कंपन्या मायलेजचे आकडे मोठ्या अक्षरात छापतात. उभ्या गाडीची सूचना पुस्तिकेच्या आतल्या पानावर असते. म्हणून लांबच्या मुक्कामाला निघण्याच्या तयारीत पुस्तिकेतले ते पान वाचायला एक संध्याकाळ राखून ठेवावी. पान्याने एक वायर सोडवणे किंवा एक मेंटेनर विकत घेणे एवढाच त्यातून निघणारा खर्च आहे. शेजारच्या मित्राला किल्ली देणे सोपे वाटते, पण त्याला गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवायला सांगताना आपण त्याच्यावर किती मोठी जबाबदारी टाकतो, याचा विचार विमानाचे तिकीट काढण्याआधी व्हायला हवा.