शुश्रूषेला प्रतिष्ठा केव्हा?

‘लातूर पॅटर्न’ने महाराष्ट्रात नाव मिळविले, नांदेडच्या शिकवणी वर्गांनीही तोच मार्ग धरला. या यशाची दुसरी बाजू मात्र क्वचितच बोलली जाते. डॉक्टर, अभियंते झालेली मुले पुण्यास वा परदेशी स्थिरावली आणि वृद्ध माता-पिता मागे उरले. त्यांतील कोणी अंथरुणाला खिळले की शोध सुरू होतो तो बारा तासांच्या ‘मावशीं’चा.

या मावशी बहुधा कोरडवाहू शेतीत भागत नाही म्हणून खेड्यातून शहरात आलेल्या असतात. त्यांना कोणी काही शिकविलेले नसते. रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलली नाही तर शय्याव्रण होतात. नाकातील नळीने अन्न देताना डोके उंच नसेल तर ते श्वासमार्गात शिरून प्राणावर बेतते. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखालीच असावी लागते. जड देह उचलताना स्वतःची कंबर वाचविणे हेही शास्त्रच आहे. प्रशिक्षण नसले की हे सारे शिकणे रुग्णाच्या देहावरच होते.

‘जनरल ड्युटी असिस्टंट’सारखे अभ्यासक्रम शासनाच्या कौशल्य योजनेत आहेत. परंतु प्रमाणपत्र मिळवूनही वेतन तेच राहणार असेल, तर मजुरी बुडवून ते कोणी का शिकावे? ज्येष्ठ नागरिक कायद्यातील सुधारणांचे विधेयक २०१९ साली लोकसभेत आले. घरपोच शुश्रूषा देणाऱ्या संस्थांच्या नोंदणीची तरतूद त्यात होती; ते मंजूर झालेच नाही. नोंदणी नाही, म्हणून दर्जा नाही आणि दाद मागण्यास जागाही नाही.

३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. औषधांच्या तुटवड्याची चर्चा झाली, अधिष्ठात्यांना शौचालय साफ करावयास लावल्याची छायाचित्रे देशभर झळकली. (त्याने कोणत्या रुग्णाचे भले झाले, हे लावणाऱ्यांनाच ठाऊक!) रिक्त पदांचा प्रश्न मात्र छायाचित्रांत मावणारा नव्हता.

लातूरला सेवेची परंपरा नवी नाही. डॉ. अशोकराव कुकडे आणि सहकाऱ्यांनी १९६६ साली विवेकानंद रुग्णालय उभे केले. हरंगुळच्या ‘संवेदना’ प्रकल्पात सेरेब्रल पाल्सीग्रस्त मुलांना हाताळणारी माणसे जे कौशल्य रोज वापरतात, ते कोणत्याही पदवीहून कमी नाही. अशा संस्थांनीच या शिक्षणाचा पाया घालावा, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

अडचण आहे ती ‘सेवा’ या शब्दाच्या सोयीस्कर वापराची. पोट भरलेल्याने स्वेच्छेने केलेली सेवा वंदनीयच; पण तोच शब्द पुढे करून पोटासाठी राबणाऱ्या स्त्रीचे वेतन कापणे हा निव्वळ अप्रामाणिकपणा होय. आशा सेविकांनाही ‘स्वयंसेविका’ म्हणवून वर्षानुवर्षे मोबदल्यावरच राबविले गेले. मुलाच्या शिकवणीचे शुल्क बिनतक्रार भरणारे घर आजीला भरविणाऱ्या मावशींच्या साप्ताहिक सुट्टीवर घासाघीस करते. कामाचे तास, सुट्टी आणि वेतन कागदावर लिहून देण्यास कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही; लातूर-नांदेडच्या कार्यकर्त्यांच्या घरांतून त्याचा प्रारंभ याच महिन्यात होऊ शकतो.