ऐकू येते आहे तोवर

भाद्रपद जवळ आला की वसई रोड स्थानकावर दोन प्रवाह एकमेकांना ओलांडून जातात. गुजरातकडून येऊन दिवामार्गे कोकणात उतरणाऱ्या गाड्यांसाठी फलाटावर गणपतीला निघालेली कुटुंबे सामानासह बसलेली असतात. त्याच वेळी स्थानकाबाहेरच्या बाजारपेठेत काही दुकानांची शटरे नेहमीपेक्षा लवकर खाली येतात आणि व्यापारी मंडळी प्रतिक्रमणासाठी उपाश्रयाची वाट धरतात. गणेशचतुर्थी आणि संवत्सरी पंचांगात अगदी शेजारी राहतात. दिगंबर परंपरेतील दशलक्षण पर्वही पंचमीपासूनच सुरू होते. एका घरात देव येण्याची घाई आणि दुसऱ्या घरात मनातील वैर बाहेर काढण्याची घाई, असे हे दिवस.

नेमक्या याच दिवसांत घडणारी एक कथा मराठी पडद्यावर आली आहे. राजेश मापुस्कर लिखित-दिग्दर्शित ‘व्हेंटिलेटर’ हा चित्रपट 4 नोव्हेंबर 2016 रोजी, दिवाळीनंतरच्या आठवड्यात प्रदर्शित झाला. प्रियंका चोप्रा यांच्या संस्थेने त्याची निर्मिती केली. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत मापुस्करांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा मान मिळाला. संकलन आणि ध्वनिमिश्रणाचे पुरस्कारही याच चित्रपटाकडे आले. पुढे 2018 मध्ये त्याच नावाने गुजराती आवृत्ती निघाली आणि तीत जॅकी श्रॉफ व प्रतीक गांधी यांनी भूमिका केल्या. त्यामुळे घरात मराठी व गुजराती दोन्ही भाषा नांदणाऱ्या वसई-विरारच्या कुटुंबांना ही कथा दोन्हींकडून परिचयाची होऊ शकते.

कथा थोडक्यात अशी. कामेरकर कुटुंबातील वडीलधारे गजूकाका अचानक कोमात जातात आणि त्यांना कृत्रिम श्वासयंत्रावर ठेवले जाते. गणपती अवघ्या काही दिवसांवर आले आहेत. बातमी पसरताच कोकणातून आणि मुंबईच्या कानाकोपऱ्यांतून कामेरकरांचा सारा गोतावळा रुग्णालयात लोटतो. काकांचे काही बरेवाईट झाले तर सुतक लागेल आणि गणपती राहून जाईल, या चिंतेत काही जण आहेत. कुणी मान मिळाला नाही म्हणून रुसतो, कुणी जुना हिशेब उकरून काढतो. मृत्यूच्या दारात बसलेल्या माणसांचे क्षुद्रपण आणि प्रेम एकाच वेळी दिसते, आणि प्रेक्षक हसता हसता अस्वस्थ होतो. रुग्णालयाच्या प्रतीक्षाकक्षात विनोद घडवणे ही वाट मळलेली नव्हे. शंभराहून अधिक पात्रांची गर्दी सांभाळत दिग्दर्शकाने ती निभावली आहे.

या गर्दीच्या मध्यभागी मात्र दोन अबोले आहेत. गजूकाकांचा मुलगा प्रसन्न (जितेंद्र जोशी) राजकारणात रमलेला. वडिलांशी त्याचे कधी जुळले नाही. पुतण्या राजा (आशुतोष गोवारीकर) हा चित्रपट-दिग्दर्शक; त्याच्या आणि त्याच्या वडिलांच्या (सतीश आळेकर) दरम्यानही वर्षानुवर्षांची भिंत आहे. एकाचा पिता आता ऐकू शकत नाही, दुसऱ्याचा ऐकू शकतो. चित्रपटाचे सारे मर्म या भेदात आहे. काकांच्या खाटेजवळ उभ्या असलेल्या राजाला स्वतःचे घर आरशात दिसू लागते. शेवट काय होतो, ते ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी राखून ठेवणेच उचित.

जैन वाचकाला ही कथा परकी वाटणार नाही. व्यापारी घराण्यांत अबोला बहुधा वाटणीतून जन्मतो. वडिलांच्या नावाची एक पेढी दोन पाट्यांत विभागली जाते. कोणता गाळा कुणाकडे, उधारी कुणी वसूल करायची, आईचे दागिने कुणाच्या तिजोरीत, अशा प्रश्नांवर दोन भाऊ बसतात आणि उठताना परके होऊन उठतात. मग आगाशीच्या मुनिसुव्रतस्वामींच्या देरासरात एकाच रांगेत उभे राहूनही नजर टाळली जाते. मुले चुलतभावंडांना केवळ लग्नातील छायाचित्रांवरून ओळखतात. वाटणीचे कागद कधीच पुरे झालेले असतात. मनाची वाटणी तेवढी चालूच राहते.

धर्माने यावर उपाय सांगितलेला नाही असे नाही. कर्मग्रंथांत क्रोधाचे चार प्रकार सांगितले आहेत. पाण्यावरील रेघेसारखा, म्हणजे उठताच मिटणारा, तो संज्वलन. त्याची मर्यादा पंधरा दिवसांची. वाळूतील रेघेसारखा प्रत्याख्यानावरण, चार महिन्यांचा. भेगाळलेल्या जमिनीसारखा अप्रत्याख्यानावरण, एका वर्षाचा. आणि दगडातील चिरेसारखा अनंतानुबंधी, जो सम्यक्त्वालाच बाध आणतो. पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक प्रतिक्रमणे याच मुदतींशी जुळवून पाहिली जातात. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर वैराचे खाते वर्षाअखेर बंद झालेच पाहिजे. ते पुढच्या चोपडीत ओढले की चीर दगडाची होते.

कल्पसूत्राच्या समाचारी विभागात साधूंनाही हाच नियम आहे. कलह झाला तर लहानाने मोठ्याची क्षमा मागावी आणि मोठ्यानेही लहानाची मागावी. चूक कुणाची होती, याचा निवाडा आधी लावून घ्यावा अशी अट त्यात नाही.

आजच्या क्षमापनेत मात्र एक सोय शिरली आहे. संवत्सरीच्या सायंकाळी ‘मिच्छामि दुक्कडम्’चा एकच संदेश शेकडो जणांना एका स्पर्शात जातो. ज्यांच्याशी कधी भांडण झालेच नाही त्या साऱ्यांची क्षमा मागून होते. ज्याच्याशी खरोखर भांडण आहे त्याचे नाव त्या यादीत नसते, किंवा असलेच तर इतर शेकडो नावांत लपून जाते. असा संदेश वाईट नव्हे. पण तो क्षमापनेची पावती आहे, क्षमापना नव्हे. कामेरकरांचा गोतावळाही काकांसाठी धावत येतो. रुग्णालयात हजेरी सर्वांची लागते, पण बोलायचे ते ज्याच्याशी बोलायचे त्याच्याशीच राहून गेलेले असते.

अडते कुठे? बहुधा पहिले पाऊल कुणी टाकायचे, या प्रश्नापाशी. बाहुबलींची कथा प्रत्येक जैन घरात सांगितली जाते. राज्यासाठी भरताशी युद्ध झाले, उगारलेली मूठ मागे घेऊन त्यांनी केशलोच केला, वर्षभर ध्यानात उभे राहिले. वेली अंगावर चढल्या, तरी केवलज्ञान होईना. श्वेतांबर परंपरा सांगते की, आधी दीक्षा घेतलेल्या धाकट्या भावांना वंदन करावे लागेल, एवढीच एक खंत आत उरली होती. ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणींनी येऊन हत्तीवरून उतरण्यास सांगितले, तेव्हा हत्ती कोणता ते त्यांना उमगले. वंदनासाठी त्यांनी पाऊल उचलले आणि त्याच क्षणी ज्ञान प्रकटले. वर्षभराच्या तपाला जे साधले नाही ते एका पावलाने साधले. घराघरांत अशी ब्राह्मी-सुंदरीची भूमिका करणारी एखादी बहीण, आत्या किंवा वहिनी असते; तिचे म्हणणे ऐकले गेले, तर अनेक पेढ्यांचा अबोला एका सायंकाळी सुटेल.

पर्युषणापूर्वीच्या एखाद्या रविवारी तीन पिढ्यांनी एकत्र बसून हा चित्रपट पाहावा. विनोद लहानांना रिझवील, मोठ्यांना अधूनमधून मान खाली घालावी लागेल. नंतर ज्या घरी वर्षानुवर्षे पाऊल पडलेले नाही त्या घराचा जिना चढावा. संदेश नको, मध्यस्थ नको, जुन्या हिशेबाचा कागदही नको. दार उघडणारा काय म्हणेल, हे आपल्या हाती नाही. कदाचित तो काहीच म्हणणार नाही. पण त्याला अजून ऐकू येते आहे, तोवर दोन शब्द बोलून झाले पाहिजेत. यंत्राच्या आवाजात बोललेले शब्द पोहोचतात की नाही, हे आजवर कुणालाच सांगता आलेले नाही.