रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट दुखतंच

सोनोग्राफी नॉर्मल, रक्त नॉर्मल, दुर्बिणीची तपासणीही नॉर्मल. मग डॉक्टर म्हणतात, “टेन्शन घेऊ नका.” घरी सासू म्हणते, “हिला कामाचा कंटाळा.” पोट मात्र दुखतच राहतं. कधी जुलाब, कधी चार-चार दिवस साफ होत नाही. आम्ही वस्त्यांमध्ये आरोग्य शिबिरं घेतो, तिथे अशा बायका आणि पुरुष दरवेळी भेटतात. या दुखण्याला आयबीएस म्हणतात. हे मनाचे खेळ आहेत असं सांगून माणसाला परत पाठवणं आम्हाला मान्य नाही.

कॅनडात वॉकर्टन नावाचं जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव आहे. मे 2000 मध्ये जोराचा पाऊस झाला आणि शेतातल्या शेणातले जंतू गावाला पाणी पुरवणाऱ्या विहिरीत उतरले. पाण्यात क्लोरीन पुरेसं पडत नव्हतं, आणि नोंदवहीत मात्र सगळं ठीक असल्याचे खोटे आकडे लिहिले जात होते. 2,300 हून जास्त लोक आजारी पडले, 7 जण दगावले. तिथल्या डॉक्टरांनी बऱ्या झालेल्यांवर पुढे कित्येक वर्षं लक्ष ठेवलं. दोन-तीन वर्षांनी पाहिलं, तर त्या जुलाबात सापडलेल्या दर दहा जणांमागे तीनेक जणांना आयबीएस होता. जे त्यातून सुटले होते त्यांच्यात दहामागे एक. आठ वर्षांनीही हा फरक पुरता मिटला नव्हता. एवढ्या सगळ्यांना एकाच वेळी टेन्शन आलं होतं काय?

मग झालं काय? आपल्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात, बहुतेक आपल्या उपयोगाचे. आतड्याच्या अस्तरात शरीराच्या राखणदार पेशी असतात. रोजचं अन्न आणि घरचे जिवाणू ओळखून गप्प बसणं, हेही त्यांचं कामच. जोराचे जुलाब झाले की ही घडी विसकटते. रोगजंतू निघून जातात, पण काही जणांत राखणदार सावधच राहतात. त्यांच्यातल्या मास्ट पेशी महत्त्वाच्या. अंगावर पित्त उठतं, गांधी येतात, खाज सुटते, ते या पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात म्हणून. तेच आतड्यात, मज्जातंतूंच्या शेजारी घडलं, तर साध्या गॅसचीही कळ होते. इटलीतल्या संशोधकांनी 2004 मध्ये दाखवलं की मास्ट पेशी मज्जातंतूंच्या जितक्या जवळ, तितकं दुखणं जास्त. बेल्जियममधल्या ल्यूवेन विद्यापीठाने 2021 मध्ये आयबीएसच्या 12 रुग्णांच्या आतड्याच्या अस्तरात गहू, दूध, सोया अशा पदार्थांचा अंश टोचून पाहिला. सगळ्यांना कशाची ना कशाची तरी तिथल्या तिथे सूज आली. 2022 मध्ये कॅनडातल्याच संशोधकांना काही रुग्णांच्या आतड्यात स्वतःच भरपूर हिस्टामिन बनवणारा जिवाणू सापडला. नेहमीच्या सोनोग्राफीत यातलं काहीच दिसत नाही.

प्रत्येकाचा आयबीएस जुलाबापासूनच सुरू होतो असं नाही. काळजीने दुखणं वाढतं हेही खरं, कारण मेंदू आणि आतडं यांचं बोलणं सतत चालू असतं. पण वाढणं वेगळं आणि खोटं असणं वेगळं.

ज्या वस्तीत पाण्याची पाइपलाइन गटारातून जाते, तिथे दर पावसाळ्यात जुलाब ठरलेले. आपण ते चार दिवसांचं दुखणं समजतो. पुढची कित्येक वर्षं कोण मोजतं? त्यात सार्वजनिक संडासाची रांग. कामावर निघायच्या आधी पोटात कळ आली तर जायचं कुठे, म्हणून सकाळी काहीच न खाता धुणीभांड्याला जाणाऱ्या बायका आम्हाला माहीत आहेत. अशा वेळी मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या आणून खाणं हा उपाय नव्हे. त्याने चांगले जिवाणूही मरतात. जुलाबात आधी ओआरएस द्या, गोळीचं डॉक्टरांना ठरवू द्या. पित्ताच्या गोळ्याही मनाने सुरू करू नका.

मात्र प्रत्येक पोटदुखी आयबीएस नसते. शौचातून रक्त, वजन घटणं, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रक्त कमी होणं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास असेल तर थांबू नका. आतड्याचा टीबीही असाच लपून असतो. सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी मोफत होते.

आयबीएस ठरला, तर इसबगोल थोड्या प्रमाणात सुरू करून भरपूर पाणी प्या. गव्हाचा कोंडा खाल्ल्याने काहींना त्रास वाढतो. कांदा, लसूण, राजमा, दूध, गहू यांपैकी काय सोसत नाही ते एकेक करून पंधरा-पंधरा दिवस पाहा. सगळंच एकदम सोडलं तर खायचं काय? गव्हाऐवजी ज्वारीची भाकरी जमते. डॉक्टरांनी रात्री घ्यायला अ‍ॅमिट्रिप्टिलिनची छोटी गोळी दिली आणि शेजारीण म्हणाली, “ही तर वेडाची गोळी,” तर फेकू नका. कमी मात्रेत ती आतड्याच्या मज्जातंतूंना शांत करते.

आणि नळाला वास येत असेल, पाणी गढूळ असेल, तर उकळून प्या आणि ओटी टेस्टची मागणी करा. नळाच्या पाण्यात थेंब टाकल्यावर ते पिवळं झालं नाही, तर त्यात क्लोरीन नाही. ही टेस्ट आपल्या डोळ्यांसमोर करून घ्या. वॉर्ड ऑफिसात अर्ज चार-पाच घरांच्या सह्यांनी द्या आणि त्याची पोच घ्या.