कपाटात पडलेली कादंबरी

कादंबरी जाहीर झाली, लेखकाचे नाव कळले, वाचक वाट पाहू लागले आणि ऐन वेळी प्रकाशक म्हणाला, ‘तूर्त नाही!’ अशा वेळी वाचकाने काय करावे?

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन विज्ञानमालिकेच्या चाहत्यांवर हा प्रसंग २०१० साली आला. १९६६ साली दूरदर्शनच्या पडद्यावर सुरू झालेल्या या मालिकेवर २००९ मध्ये जे. जे. अब्राम्स यांनी नवा चित्रपट काढला. त्यात भविष्यकाळातील एक यान कृष्णविवरातून भूतकाळात येते आणि इतिहासच बदलून जातो. स्पॉक या प्रसिद्ध पात्राचा व्हल्कन हा ग्रहसुद्धा नष्ट होतो. म्हणजे जुन्या कथांतील घटना आता तशाच घडतील असे नाही! लेखकांना हे मोकळे रानच मिळाले. ‘पॉकेट बुक्स’ने या नव्या विश्वावर बेतलेल्या चार कादंबऱ्या जाहीर केल्या. पण जानेवारी २०१० मध्ये त्या चारही मागे घेतल्या गेल्या. चित्रपटकर्ते आपले विश्व अजून घडवीत आहेत, तोवर नव्या कथा नकोत, असे कारण देण्यात आले.

या कारणात तथ्य आहे. कादंबरीत एक आणि पुढच्या चित्रपटात त्याच्या उलट, असे झाले तर वाचकाचा गोंधळ उडेल. शिवाय अशा कादंबरीतील पात्रे लेखकाच्या मालकीची नसतात, त्यामुळे शेवटचा शब्द मालकाचाच. हे सारे मान्य केले तरी, पुढे चूक ठरण्याच्या भीतीने लिहिलेले दडवून ठेवणे मला पटत नाही.

आयझॅक आसिमॉव्ह यांचे उदाहरण पाहा. दूरदर्शनवर मालिका व्हावी या हेतूने त्यांनी १९५२ पासून ‘पॉल फ्रेंच’ या टोपणनावाने मुलांसाठी डेव्हिड स्टारच्या साहसकथा लिहिल्या. मालिका झाली नाही, पुस्तके मात्र राहिली. १९५४ च्या पुस्तकात त्यांनी शुक्रावर अथांग समुद्र दाखवला होता. पुढे १९६२ साली ‘मरिनर-२’ हे यान शुक्राजवळून गेले आणि त्याच्या मोजमापांवरून तेथील पृष्ठभाग अतिशय तप्त असल्याचे दिसून आले. तेथील तापमान सुमारे ४६० अंश सेल्सियस आहे, हे आज आपण जाणतो. मग समुद्र कुठला? आसिमॉव्ह यांनी पुस्तक कपाटात टाकले नाही. नंतरच्या आवृत्तीला प्रस्तावना जोडून, विज्ञान आता पुढे गेले आहे, असे त्यांनी वाचकांना सरळ सांगितले. कथाही राहिली आणि सत्यही राहिले.

‘स्टार ट्रेक’च्या त्या कादंबऱ्यांनाही एवढी एक प्रस्तावना पुरली नसती काय?

चाहत्यांनाही एक सांगावेसे वाटते. न वाचलेले पुस्तक फार सुंदर असते किंवा फार वाईट असते, कारण ते आपणच मनात लिहिलेले असते. कादंबरी सदोष असेल, तिच्यात पुढच्या चित्रपटाचे गुपित फुटले असेल, असे तर्क कितीही करता येतात. परंतु तर्क म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा मिळायला दहा वर्षे लागली. तोपर्यंत चित्रपटांची संख्या तीन झाली होती. २०२० मध्ये चारांपैकी दोन कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या: अ‍ॅलन डीन फॉस्टर यांची ‘द अनसेटलिंग स्टार्स’ (तिचे मूळ नाव ‘रेफ्यूजीज’) आणि डेव्हिड मॅक यांची ‘मोअर ब्यूटिफुल दॅन डेथ’. आता त्या वाचून त्यांच्याविषयी मत देता येते. उरलेल्या दोन त्या नावांनी काही आल्या नाहीत. त्यांच्याविषयी मत न देणे हेच शास्त्रीय वृत्तीला धरून होईल.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या प्रयोगवहीतही असे एखादे पान असेलच. उत्तर चुकले म्हणून ते पान फाडावेसे वाटते. फाडू नका. त्याच्याखाली तारीख घाला आणि कोठे व का चुकले ते दोन ओळींत लिहा. शिक्षकांनीही अशा पानाचे गुण कापू नयेत. मनात आलेली कल्पना लोकांपुढे ठेवावी, ती चुकली तर तसे म्हणावे आणि पुढे जावे. विज्ञान असेच वाढते आणि विज्ञानकथाही अशीच वाढावी.