अंदाजपंचे स्वयंपाक पुरे

‘मीठ अंदाजाने घाल’, ‘पाणी बेताचं ठेव’, ‘मैदा मावेल तेवढा घे’. स्वयंपाक शिकू पाहणाऱ्याला आपल्या घरांत धडा मिळतो तो एवढाच. ज्याने वीस वर्षं हंड्या उतरवल्या त्याला अंदाज असतो. ज्याने काल पहिल्यांदा गॅस पेटवला त्याला तो कुठून येणार? मग पुलावाचा गिचका झाला की ‘हिच्या हाताला चवच नाही’ हा शेरा नव्या सुनेच्या माथी. शिक्षक म्हणून मला हे पटत नाही. जो धडा शिकवलाच नाही, त्याची परीक्षा कसली घेता?

काही जण म्हणतात, मोजमाप हे हल्लीचं फॅड; आपल्या दादी-नानी कुठे मोजत होत्या? मोजत होत्या. चिपटं, मापटं, शेर, पायली ही मापं घरोघरी होती. शिवाय तीच वाटी, तोच चमचा वर्षानुवर्षं त्यांच्या हाती असायचा. पुण्यात खोली घेऊन शिकणाऱ्या नातवाकडे ती वाटी नाही.

म्हणून शिकवताना थोडं नेमकं सांगू या. पुलावाला कुठलीही वाटी चालेल. फक्त तांदूळ आणि पाणी एकाच वाटीने मोजावं. नानखटाईला, केकला मात्र वजनच हवं. 240 मिलीच्या कपात चमच्याने हलका भरून वरून सपाट केलेला मैदा साधारण 120 ते 125 ग्रॅम बसतो. तोच कप डब्यात खुपसून दाबून भरला तर 150 च्या आसपास जातो. साखर त्याच कपात 200 ग्रॅम. लहान चमचा म्हणजे 5 मिली, मोठा 15, दोन्ही वरून सपाट. जाड मिठापेक्षा बारीक मीठ चमच्यात जास्त मावतं, म्हणून मीठ कुठलं तेही सांगावं.

‘वजन’ हा मुळात अरबी शब्द, उर्दू-मराठी दोघींचा. उर्दूत शेराच्या वृत्तालाही वजनच म्हणतात. तिथेही विद्यार्थी आधी शेर तोलायला शिकतो, कान नंतर तयार होतो.

मुलगी असो की मुलगा, आधी माप द्या. अंदाज मागून येईल. आणि या ईदला अम्मी शीरखुर्मा करतील तेव्हा शेवया, खारीक, साखर पातेल्यात पडण्याआधी काट्यावर ठेवा आणि वहीत लिहून घ्या. हे काम पुढच्या ईदवर टाकू नका.